जुना कॉम्प्युटर, नवीन ऑपरेटिंग सिस्टीम : आधी काम बघा, मग मशीन

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला आणि आपल्या हॉस्टेलमधले बरेचसे लॅपटॉप एका रात्रीत "म्हातारे" झाले. घरगुती ग्राहकांसाठी एक वर्षाची वाढीव मुदत जाहीर झाली खरी, पण वाढीव मुदत म्हणजे सबमिशनची वाढीव तारीख, काम काही कमी होत नाही. "मग विंडोज ११ टाक ना" असं कोणीही सांगेल. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, किमान ४ जीबी रॅम लागते, ६४ जीबी जागा लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आठवी पिढी आली २०१७ साली. म्हणजे मोठ्या भावाने वापरून आपल्याला दिलेला तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय-थ्री लॅपटॉप या यादीत बसत नाही. तो बिघडलेला नाही. कीबोर्ड चालतो, स्क्रीन चांगली आहे, फक्त त्याच्यासाठी दुरुस्त्या पाठवणं बंद झालं आहे.

सपोर्ट बंद झाला म्हणजे नेमकं काय, हे आधी स्पष्ट करून घेऊ. मशीन बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच सुरू होतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं की पोरगं उगाच घाबरवतंय. अडचण वेगळीच आहे. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सुरक्षेची भोकं सतत सापडत असतात आणि कंपनी दर महिन्याला ती बुजवत असते. सपोर्ट संपला की भोकं सापडणं थांबत नाही, फक्त बुजवणं थांबतं. उलट नव्या आवृत्तीत काय बुजवलं हे बघून जुन्या आवृत्तीत कुठे शिरायचं ते चोराला आयतंच कळतं. आमच्या घोडेगावापासून शनी शिंगणापूर जवळच आहे. तिथे घरांना दारं-कुलपं नसतात हे साऱ्या जगाला माहीत आहे. पण तो नियम नेटबँकिंगला लावता येत नाही!

यावर एक उपाय म्हणजे लिनक्स. त्याबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मतं आहेत. एका टोकाला सीनियर लोक, ज्यांच्या मते लिनक्स टाकलं की डबा मशीनचं रॉकेट होतं. दुसऱ्या टोकाला बाकीचे सगळे, ज्यांना ते काळ्या स्क्रीनवरचं हॅकरचं काम वाटतं. मला दोन्ही मतं पटत नाहीत. या लेखात मी सुट्टीत घोडेगावला केलेल्या एका बदलाचा अभ्यास मांडतो आहे. (मी कॉन्व्हेंटमधला असल्याने माझं मराठी शाळेत "सेकंड लँग्वेज" होतं. ऱ्हस्व-दीर्घाकडे कृपया मोठ्या मनाने बघावे. या लेखात ऱ्हस्व-दीर्घ पुढे खरोखरच येणार आहे, तेव्हा तयार राहा.)

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांनी ऐकलेला असतो. १९९१ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने आपल्या ३८६ प्रोसेसरच्या पीसीसाठी छंद म्हणून एक कर्नल लिहायला घेतला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता, म्हणजे आपल्यातल्या थर्ड इयर-फायनल इयरच्या वयाचा. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधनं त्याला मिळाली आणि एक पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम उभी राहिली. कोणीही वापरा, बघा, बदला, वाटा असं तिचं लायसन्स. पुढे डेबियन, उबंटू, मिंट अशी तिची घराणी झाली. २००४ मध्ये उबंटू आलं तेव्हा ते लोक सीडी चक्क पोस्टाने फुकट घरी पाठवत. ही सोय २०११ मध्ये बंद झाली. आमच्या पिढीला त्याचं महत्त्व कळणार नाही, पण तेव्हाच्या इंटरनेटवर ७०० एमबी उतरवायचे म्हणजे काय, हे आपल्या लॅबमधल्या सरांना विचारा.

जुन्या मशीनवर लिनक्स टाकून काम भागवण्याचं आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' नावाचा उपक्रम झाला. परदेशात वापरून काढून टाकलेले कॉम्प्युटर गोव्यातल्या शाळांना मिळवून द्यायचे, अशी कल्पना. कॉम्प्युटर तर आले, पण प्रत्येकावर विंडोजचं लायसन्स घ्यायला शाळांकडे पैसे कुठून येणार, आणि नवं विंडोज त्या जुन्या मशीनवर चालणार कसं? तिथे लिनक्स कामी आलं. गोव्यातल्या लिनक्स गटाच्या स्वयंसेवकांनी मदत केली. यात वापरलेली एक युक्ती आपल्या अभ्यासक्रमातल्या नेटवर्किंगच्या पेपरला शोभेल अशी आहे. तिचं नाव एलटीएसपी, म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट. वर्गात एकच बऱ्यापैकी ताकदवान मशीन ठेवायचं, तो सर्व्हर. बाकीचे जुने पीसी नेटवर्कवरून त्याच्याकडूनच बूट होतात. प्रोग्रॅम चालतात सर्व्हरवर, जुना पीसी फक्त स्क्रीन दाखवतो आणि कीबोर्ड-माउसचे इशारे पाठवतो. त्याला स्वतःची हार्ड डिस्क नसली तरी चालतं!

मला यातली महत्त्वाची गोष्ट तंत्राची वाटत नाही. वर्गातल्या मुलांचं काम काय, तर थोडं टायपिंग, थोडं चित्र, थोडा प्रोग्रॅम. त्या कामाला एवढी सोय पुरते, हे त्यांनी आधी ठरवलं आणि मग यंत्र जुळवलं. आपण बरोबर उलटं करतो. आधी यूट्यूबवर "बेस्ट लिनक्स" शोधतो, डेस्कटॉपचा रंग बघून भाळतो, आणि चौथ्या दिवशी कळतं की आपलं रोजचं एक सॉफ्टवेअर त्यावर चालतच नाही.

घोडेगावची केस

घोडेगाव नेवासा तालुक्यात, नगर-संभाजीनगर रस्त्यावर आहे. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तोंडात मात्र अजून नगरच बसलंय.) कांद्याचा बाजार आणि जनावरांचा बाजार यासाठी गाव ओळखलं जातं. माझ्या मामांची तिथे कांद्याची आडत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : शेतकरी गोण्या घेऊन येतो, लिलाव होतो, माल तोलला जातो, हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात हिशोबाची पट्टी पडते. पट्टी निघाली नाही की शेतकरी ताटकळतो, टेम्पोवाला ओरडतो आणि मामांचा आवाज चढतो. अशा ठिकाणी "जरा वेळ थांबा, अपडेट चालू आहे" म्हणायची सोय नसते.

आडतीत एक डेस्कटॉप होता, २०१२ साली घेतलेला. ड्युअल कोअर प्रोसेसर, २ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, त्यावर विंडोज ७. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलेला होता. आणि त्याच मशीनवरून शेतकऱ्यांच्या खात्यावर पैसे पाठवले जात होते. त्याच मशीनमध्ये येणारे-जाणारे आपापले पेन ड्राइव्ह लावून प्रिंट काढत होते. माझ्या मते खरा प्रश्न मशीन हळू असण्याचा नव्हता, हा होता.

मामांचं म्हणणं सरळ होतं. "नवा घेऊ ना. पण कांद्याला भाव आल्यावर." आता कांद्याचा भाव कधी येईल हे कोणत्याही अल्गोरिदमला सांगता येत नाही, त्यामुळे हा प्लॅन मी बाजूला ठेवला.

पहिले दोन दिवस मी मशीनला हातच लावला नाही. वही घेऊन बसलो आणि कोण येतो, काय उघडतो, काय छापतो ते लिहीत गेलो. मामा म्हणाले, "हा काय इन्कम टॅक्सवाला आणून बसवला का?" पण या वहीतून जे कळलं ते कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीज उघडून कधीच कळलं नसतं. दिवसभराचं मुख्य काम पट्टी, म्हणजे एक्सेलचा एक साचा. त्याखालोखाल ब्राउझर : बँक, जीएसटीचं पोर्टल, बाजारभाव, व्हॉट्सअॅप वेब. संध्याकाळी मुनीमकाका टॅलीत नोंदी घालायचे. आणि अधूनमधून मराठीत पत्रं किंवा सूचना टाइप व्हायच्या.

यातल्या टॅलीपाशी पहिली गाठ पडली. टॅलीची लिनक्ससाठी आवृत्ती नाही. वाइन नावाचं एक साधन विंडोजचे काही प्रोग्रॅम लिनक्सवर चालवतं, आणि उत्साही लोक टॅलीही त्यावर चालवून दाखवतात. पण हॉस्टेलच्या रूमवर एखादी गोष्ट चालवून दाखवणं वेगळं आणि दुसऱ्याच्या धंद्याचा हिशोब त्यावर टाकणं वेगळं. मार्च अखेरीला ते बिघडलं तर मी कॉलेजात असणार आणि मुनीमकाका तिथे एकटे. म्हणून टॅली लिनक्सवर न्यायचंच नाही असं ठरवलं. मुनीमकाकांच्या मुलाचा विंडोज ११ चा लॅपटॉप संध्याकाळी रिकामा असायचा. लायसन्स आणि डेटा त्यावर हलवला. म्हणजे टॅली विंडोजवर, बाकी सगळं लिनक्सवर. कट्टर लिनक्सवाल्यांना हे आवडणार नाही, पण मुनीमकाकांना आवडलं.

मशीन हळू का होतं?

इथे थोडं गणित करू. तुम्ही प्रोग्रॅम उघडता तेव्हा तो डिस्कवरून रॅममध्ये येतो. रॅम भरली की सिस्टीम नाइलाजाने रॅममधला काही भाग डिस्कवर टाकते आणि लागेल तेव्हा परत आणते. हिला स्वॅपिंग म्हणतात. २ जीबी रॅममध्ये आजचा ब्राउझर उघडला की हा खेळ सुरू होतो. आता डिस्क किती वेगाने उत्तर देते ते बघा. डेस्कटॉपची हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. शिवाय डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला साधारण ९ मिलिसेकंद धरा. एकूण १३ मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणजे विखुरलेल्या जागांवरून वाचायचं असेल तर सेकंदाला जेमतेम ७५ वेळा! एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसल्याने हाच आकडा हजारोंमध्ये जातो.

यावरून काय लक्षात येतं? मशीन हळू वाटतं ते प्रोसेसरमुळे क्वचितच. रॅम कमी आणि डिस्क फिरती, ही जोडी गुन्हेगार असते. ऑपरेटिंग सिस्टीम बदलून फरक पडतो, कारण हलक्या डेस्कटॉपचं लिनक्स स्वतःसाठी कमी रॅम घेतं. पण वेबसाइट काही हलकी होत नाही. बँकेचं पान लिनक्सवरही तेवढंच जड असतं. २ जीबीचे ४ जीबी कोणतंही लिनक्स करत नाही. जो सीनियर तुम्हाला असं सांगतो त्याला हे गणित दाखवा.

म्हणून आम्ही आधी खर्च कुठे करायचा ते ठरवलं. जुनी रॅम काढून डीडीआर-३ च्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या नगरहून सेकंडहँड आणल्या, आणि २४० जीबीची एक एसएसडी. नव्या कॉम्प्युटरच्या मानाने हा खर्च फारच थोडा होता. किमती मुद्दाम देत नाही, त्या सारख्या बदलतात.

इथे सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सांगतो. जुनी हार्ड डिस्क आम्ही पुसली नाही. आधी कामाच्या सगळ्या फायली एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी केल्या, त्यातल्या पाच-सहा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितल्या, आणि मग जुनी डिस्क तशीच काढून, तारीख लिहून मामांच्या कपाटात ठेवली. लिनक्स टाकलं नव्या एसएसडीवर. समजा नवीन व्यवस्था लिलावाच्या दिवशी रुसली, तर दोन वायरी बदलल्या की जुनं विंडोज जसंच्या तसं उभं. (नेटची वायर मात्र काढून ठेवायची.) या एका गोष्टीमुळे मामांनी होकार दिला. माझ्या मते ज्याला ज्याला म्हणून कोणाच्या धंद्याचं मशीन बदलायचं आहे त्याने हे करावंच. लॅपटॉपमध्येही बहुतेकदा दोन-चार स्क्रू काढून असंच जमतं.

आता प्रत्यक्ष इन्स्टॉल. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती निवडली. २ जीबी किमान, ४ जीबी असेल तर बरं, अशी त्यांची स्वतःची शिफारस आहे, आणि मेनू विंडोज ७ सारखा खाली डाव्या कोपऱ्यात असल्याने मुनीमकाकांना शोधावा लागत नाही. २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. फाइल सुमारे ३ जीबीची. उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ चेकसम जुळवून बघावा. आपण सगळे हे टाळतो, पण अर्धवट उतरलेल्या फाइलने इन्स्टॉल मधेच अडकलं की तीन तास जातात. मग रुफस किंवा तत्सम प्रोग्रॅमने पेन ड्राइव्ह तयार करायचा आणि बूट मेनूतून त्यावरून मशीन सुरू करायचं. बूट मेनूची की कंपनीगणिक वेगळी : एफ-१२, एफ-९, एस्केप वगैरे.

पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू झालं की लगेच "इन्स्टॉल"वर क्लिक करू नका. या अवस्थेला लाइव्ह सेशन म्हणतात. डिस्कला हात न लावता सगळं चालवून बघता येतं, आणि हे विंडोजच्या सवयीत आपल्याला माहीतच नसतं. वाय-फाय लागतंय का (ब्रॉडकॉमची काही जुनी कार्डं इथे त्रास देतात), आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, हे सगळं इथेच तपासायचं. आणि हो, घोडेगाव असो की हॉस्टेल, लाइटचं वेळापत्रक बघून बसा. फाइल कॉपी होताना लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. आम्ही इन्व्हर्टर भरून घेतला होता.

आम्हाला एक गंमत दिसली. लाइव्ह सेशनमध्ये ब्राउझर उघडला तर बँकेची साइट, गूगल, काहीच उघडेना. "कनेक्शन सुरक्षित नाही" असा संदेश. नेट तर चालू होतं. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघितलं तर साल २०१२! मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, कधीच संपला होता. सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असतं. मशीनच्या मते आज २०१२ साल, म्हणजे ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही. घड्याळाच्या दुकानातून सेल आणून टाकला, तारीख नीट केली, प्रश्न मिटला. जुन्या मशीनवर काहीही विचित्र वागणूक दिसली की आधी तारीख बघा.

प्रिंटरने मात्र अर्धा दिवस खाल्ला. आडतीत अजून डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, कारण कार्बनची एक प्रत ठेवावी लागते आणि लेझरवर कार्बन कॉपी निघत नाही. लिनक्समध्ये छपाईचं काम कप्स नावाची यंत्रणा बघते. तिच्यात ९ पिनच्या प्रिंटरसाठी एक सर्वसाधारण ड्रायव्हर आहे, तो चालला. पण सलग कागदाची लांबी हाताने भरावी लागली, नाहीतर प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा थोडी खाली सरकत जायची आणि विसाव्या पट्टीला शेतकऱ्याचं नाव छिद्रांच्या रेघेवर! मराठी अक्षरं चित्र म्हणून छापली जातात, त्यामुळे छपाई सावकाश आणि खरखर जास्त. विंडोजवरही तसंच व्हायचं, पण नवीन काही आलं की लोकांना आवाजही नवीन ऐकू येतो. लेझर प्रिंटर असेल तर मॉडेलचा नंबर आधी शोधून बघा. घरोघरी दिसणाऱ्या काही स्वस्त लेझर प्रिंटरचा लिनक्सशी छत्तीसचा आकडा आहे.

मराठीची खरी परीक्षा

आता ऱ्हस्व-दीर्घाकडे येतो. एक्सेलचा साचा लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये थोड्या डागडुजीने उघडला. पण जुनी मराठी पत्रं उघडली तर समोर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. मुनीमकाका म्हणाले, "व्हायरस शिरला वाटतं!" व्हायरस नव्हता. ती पत्रं कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. हा फॉन्ट म्हणजे एक मुखवटा आहे. तुम्ही कीबोर्डवर इंग्रजी जे, के, ई ही बटणं ओळीने दाबता. फाइलमध्ये तीच तीन इंग्रजी अक्षरं साठवली जातात. फॉन्ट त्यांच्या जागी र, काना आणि म यांची चित्रं दाखवतो, आणि तुम्हाला "राम" दिसतं. मुखवटा नसलेल्या मशीनवर राम जातो आणि जे-के-ई राहतं. पुण्यातल्या श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमधल्या फायलींचंही असंच, फक्त अक्षरांची मांडणी वेगळी. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी अक्षर बदलत नाही.

म्हणजे हा दोष लिनक्सचा नव्हेच. ती पत्रं विंडोजच्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवरही वाचता आली नसती. सिस्टीम बदलल्यामुळे फक्त झाकलेलं उघडं पडलं.

रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण त्यात बघण्यासारखं बरंच आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर साठवली जाते, कारण आपण उच्चार तसा करतो. रफाराचं उलट : जुन्या पद्धतीत तो शेवटी, युनिकोडमध्ये आधी. रूपांतर करणारा प्रोग्रॅम ही उलटापालट करतो आणि साधारण बरोबर करतो. चुका कुठे सापडल्या? "शेतकऱ्यांना" आणि "व्यापाऱ्यांनी" या शब्दांत! त्यातला अर्धा र, तो आडव्या चंद्रकोरीसारखा, हिंदीत नसतो. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या कन्व्हर्टरला तो ओळखता येत नाही. आता आडतीच्या पत्रात शेतकरी आणि व्यापारी यांच्याशिवाय असतं तरी काय? प्रत्येक पत्रात तो शब्द शोधून बदलला. मामेबहीण अकरावीला आहे, तिने वाचून दाखवलं आणि मी दुरुस्त केलं. तिचं मराठी माझ्यापेक्षा बरं आहे हे त्या दिवशी सर्वानुमते सिद्ध झालं.

नवीन टायपिंगसाठी लिनक्समध्ये वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आणि उच्चाराप्रमाणे चालणारा फोनेटिक कीबोर्ड, दोन्ही सेटिंगमध्ये निवडता येतात. लोहित, नोटो असे देवनागरी फॉन्ट मोफत आहेत. मी इन्स्क्रिप्ट सुचवीन. तो अर्धा र इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबून, मग हलन्तासाठी डी, मग य, असा सरळ येतो. मुनीमकाकांची बोटं मात्र जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेली आहेत आणि साठीनंतर बोटं बदलत नाहीत. ते आता मजकूर हाताने लिहून देतात, मामेबहीण टाइप करते. हा तोटा आहे आणि तो मी फायद्याच्या रकान्यात टाकणार नाही.

मशीनचं म्हणाल तर ते आता मिनिटाच्या आत कामाला तयार होतं. पूर्वी सुरू करून मामा चहा मागवायचे. पट्ट्या निघतात, बँकेचं काम नव्याने अपडेट होणाऱ्या ब्राउझरवर होतं, अपडेट रविवारी मामेबहीण करते. ज्या बँकेत लॉगिनसाठी डिजिटल सहीचं टोकन लागतं तिथे मात्र लिनक्सचा ड्रायव्हर आहे की नाही हे आधीच विचारावं. मामांच्या बँकेला ओटीपी पुरतो म्हणून आमचं निभावलं. सेतू किंवा ई-सेवा केंद्रवाल्यांनी बोटाचे ठसे घेणाऱ्या यंत्राबाबत हीच खात्री करून घ्यावी.

आता हॉस्टेलच्या मंडळींसाठी थोडं. सी, सी++, पायथन, जावा, मायक्रोकंट्रोलरचं काम, हे सगळं लिनक्सवर उत्तम चालतं. मॅटलॅबची लिनक्स आवृत्ती आहे, सायलॅब फुकट आहे, सर्किटसाठी कायकॅड आहे. ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स मात्र लिनक्सवर नाहीत. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी फ्रीकॅडवर हात जरूर बसवावा, पण सबमिशन ज्या फॉरमॅटमध्ये मागितलं आहे ते लॅबच्या मशीनवर करावं. टर्बो सी डॉसबॉक्समध्ये चालतं, पण जीसीसीमध्ये प्रोग्रॅम टाकलात तर कोनिओ ही हेडर फाइल सापडणार नाही आणि मेनच्या आधी व्हॉइड लिहिलं तर कंपायलर कुरकुर करेल. त्या कुरकुरीत कंपायलरचं बरोबर असतं. कॅम्पस प्लेसमेंटच्या काही ऑनलाइन परीक्षांची सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात, तेव्हा फायनल इयरवाल्यांनी सीझन संपेपर्यंत लॅपटॉपवर प्रयोग करू नयेत.

आणखी एक गैरसमज. लिनक्स म्हणजे जुन्या मशीनला अमरपट्टा, असं नाही. ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्सचा जन्म झाला त्याचाच सपोर्ट २०१३ मध्ये आलेल्या ३.८ कर्नलपासून काढून टाकला आहे. क्रोमने ३२-बिट लिनक्सला २०१६ मध्ये रामराम केला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये जुन्या ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. कोअर टू ड्युओपासून पुढची बहुतेक मशीन ६४-बिट आहेत, त्यांना काळजी नाही. पण २००५ च्या आसपासचा पेंटियम किंवा अॅटमचा एखादा जुना नेटबुक असेल तर आधी प्रोसेसरचं नाव बघा. १ जीबी रॅमच्या मशीनवर नेट वापरायचा हट्ट तर धरूच नये. त्यावर टायपिंग शिकावं, प्रोग्रॅमिंग करावं, किंवा त्याचं गोव्याच्या शाळांसारखं टर्मिनल करावं.

शिकायला साहित्य भरपूर आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजातही आहेत, आणि ते घरच्यांना दाखवता येतात. मामेबहीण त्यावरच कॅल्क शिकली. केरळच्या सरकारी शाळांत तर वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकवलं जातं. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली 'बॉस' ही डेबियनवर बेतलेली भारतीय आवृत्तीही भाषांसाठी बघण्यासारखी आहे.

मिंटची फाइल उतरवण्यात हॉस्टेलचं वाय-फाय संपवू नका. चेकसम जुळवलेली प्रत माझ्याकडे आहे. ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन रात्री जेवणानंतर या, आणि येताना आपण कॉम्प्युटरवर रोज काय काय उघडतो त्याची यादी कागदावर लिहून आणा. यादी बघून पाच मिनिटांत सांगता येतं की बदल करावा की नाही. विंडोजवरच राहा, असं मी दोघांना सांगून झालेलं आहे.